धान निंगल्यावर

दरेकसा स्टेशनात उतरून गावाकडे निघालं की डाव्या हाताला निळ्या दाराचं एक दुकान लागतं. पाटी नाही. पाटीची गरजही नाही, कारण गावातल्या लहान पोराला "मीठ आण" म्हटलं की ते डोळे मिटून तिथंच जातं. साबण, तेल, मिरची, पोरांच्या वह्या, म्हाताऱ्यांचा तंबाखू आणि गावभरची सुखदुःखं, सगळं शामकला पटलेकडे एकाच ठिकाणी मिळतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, परसात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड. लग्न होऊन आली ती याच घरात. पण घर तिचं नव्हतं बरं का. घर गोंदियाच्या चुन्नीलाल सेठचं. धान आणि मोहाचा व्यापारी माणूस, वर्षातून एकदा यायचा, भाडं घ्यायचा, चहा पिऊन जायचा.

बाई तोंडानं फटकळ. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पहिली सरबत्ती. "कायले आला? काल तं तेल नेलं. पिऊन राहिला का?" नवीन माणूस घाबरूनच जावा. पण तराजूचा काटा कधी हलका पडला नाही, आणि उधार मागणाऱ्याला कधी "उद्या ये" ऐकावं लागलं नाही. तिचा एकच नेम होता, खळ्याआधी तगादा नाही. हा काही तिनं काढलेला नेम नव्हे. झाडीपट्टीत न्हाव्याचं, लोहाराचं, दुकानाचं, सगळ्यांचं देणं धान निघाल्यावरच चुकतं व्हायचं. मार्गशीर्षात लोक अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून येत, वर्षाची उधारी एकरकमी देत आणि वर पसाभर नवे तांदूळ ओटीत टाकत. कुणी बुडवत नसे. बुडवून तोंड कुठं दाखवणार? तोंड धुवायला लागणारा साबणही तिच्याच दुकानातला!

अशा बाईच्या हातात क्रेडिट कार्ड पडलं, ते कचारगडच्या जत्रेत. आमगावच्या एका बँकेचा पोरगा तिथं टेबल टाकून बसला होता. शामकलाची थोडी ठेव त्याच बँकेत होती. तिच्यावर कार्ड मिळेल, म्हणाला. "काकी, आधी सामान घ्या, पैसे मागून भरा."

"असं म्हण ना बापा," शामकला हसली. "म्हणजे माह्या दुकानासारखंच तुमचं."

पोरगं घाईत होतं. मागं रांग होती. "हो हो, तसंच," म्हणून त्यानं कागद पुढं सरकवला. सगळी भानगड त्या "हो हो"नं केली.

झालं! बाई उन्हाळ्यात गोंदियाला जाऊन कार्डावर माल घेऊन आली, पावसाळ्यातही घेऊन आली. मोबाईलवर इंग्रजीत संदेश येत. तिचा नवरा लीलाधर ते डोळ्यांजवळ धरून बघे आणि "जाहिरात असंन" म्हणून फोन खाली ठेवी. मग एका पोरीचा हिंदीतून फोन यायला लागला. मॅडम, आपका पेमेंट. शामकला तिला गोडीनं सांगे, "हाव बाई, धान निंगल्यावर देईन. तू जेवली का?" पलीकडची पोरगी फोन ठेवून द्यायची. महिनोन्महिने हे चाललं. आणि मार्गशीर्षात, शब्दाला जागून, बाई जरीच्या काठाचं लुगडं नेसून आमगावला गेली. बँकेनं जो आकडा सांगितला तो वरच्या दंडव्याजासकट एका शब्दानं न बोलता भरला. ते वरचं तिला पसाभर तांदळासारखंच वाटलं. शिवाय नव्या चिन्नोर तांदळाचं गाठोडं काउंटरवर ठेवलं ते वेगळंच. पुढच्या वर्षीही तसंच. मान ताठ ठेवून घरी आली. बँकेची गिऱ्हाईक असावी तर अशी, असं तिला मनापासून वाटत होतं.

त्यानंतरच्या अकतीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, तोंडावर चुन्नीलाल सेठ आला आणि चहा न पिताच बसून राहिला. पोरं रायपूरला स्थायिक झाली होती, इकडचं सगळं विकून मोकळं व्हायचं होतं. "देखो शामकलाबाई," तो म्हणाला, "पहला हक तुम्हारा. तुम ले लो. नहीं तो राजनांदगाववाला एक पार्टी है, उसको गोदाम बनाना है."

गोदाम! म्हणजे दुकान गेलं, मागच्या खोल्या गेल्या, मुनगा गेला. लीलाधरनं तिच्याकडं बघितलं. तिची दोन बाळंतपणं त्या मागच्या खोलीत झाली होती. एक लेकरू सासरी सुखात होतं, एक त्याच खोलीत तापानं गेलं होतं. दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीची एक खूण होती, चौकटीला दरसाल रंग दिला तरी ती तेवढी जागा शामकला सोडून देई. हे घर सोडणं म्हणजे तिच्या अंगावरची कातडी सोलून देणं होतं.

"घेईन," ती म्हणाली. "बँक देईल मले कर्ज. मी त्यायचा एक पैसा ठेवला नाई कधी."

बँकेत अल्का गजभिये नावाची तरुण अधिकारी नवीनच आली होती. तिनं कागद बघितले, संगणकात बघितलं, पुन्हा शामकलाकडं बघितलं. आणि फार हळू आवाजात म्हणाली, "काकू, कर्ज नाही होणार. तुमची नोंद खराब आहे. कार्डाचे पैसे तुम्ही सात-सात महिने थकवले."

"थकवले?" शामकलाला तोंडात मारल्यासारखं झालं. "अवो मॅडम, धान निंगल्यावर सगळे देल्ले! तांदूळबी देल्ला! विचारा या बाबूले!"

काउंटरवरचा बाबू टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला.

अल्कानं खुर्ची ओढून तिच्या शेजारी आणली. बँकेला खळं समजत नाही, असं तिनं सांगितलं. दर महिन्याला एक तारीख असते. त्या तारखेच्या आत आलं तर माणूस भरवशाचा, नंतर सोन्याच्या ताटात आणून दिलं तरी नोंद पडायची ती पडतेच. आणि ती नोंद एकाच बँकेत राहत नाही, साऱ्या बँकांना दिसते. शामकला ऐकत होती, पण तिच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता, थकबाकीदार. ज्या बाईनं गावाला वीस-बावीस वर्षं सांभाळून घेतलं, तिला. चूक तिची होती, हो, होतीच. पण ज्यानं "हो हो" म्हटलं त्याला कुणी विचारलं? नाही. तो पोरगा केव्हाचाच बदलून गेला होता.

घरी आली ती सरळ अडकित्ता घेऊन बसली. कार्ड अडकित्त्यात धरलं. "आग लागो या कार्डाले. तोडून टाकतो अन् मोकळी होतो." त्या भागातल्या बायका असंच बोलतात, करतो, जातो, टाकतो. लीलाधर आयुष्यात फारसा बोलला नव्हता. त्या दिवशी तो उठला आणि त्यानं तिच्या हातातून अडकित्ता काढून घेतला, एवढंच. "त्या पोरीले तं विचारून पाय," म्हणाला.

विचारलं. अल्का फोनवर जवळजवळ ओरडलीच. "काकू, तोडू नका! बंद तर मुळीच करू नका. ज्या कार्डानं नाव खराब झालं त्याच कार्डानं ते साफ होईल. दुसऱ्या बँकेत अर्जही करत फिरू नका, प्रत्येक अर्जाची नोंद होते. मी सांगते तसं करा. वेळ लागेल. दोन वर्षं तरी."

चुन्नीलाल सेठ उत्तर ऐकायला पुन्हा आला, तेव्हा शामकलानं दोन वर्षं मागितली. सेठ व्यापारी होता, पण तिच्या हातचा चहा त्यानं किती वर्षं प्यायला होता! त्यानं मान खाजवली, राजनांदगावच्या पार्टीला काहीतरी थाप मारली आणि म्हणाला, "दो अकती रुकता हूँ. तीसरी नहीं." मग राहिलेला चहा गटागटा पिऊन गेला.

आता सुरू झाली शामकलाची शाळा. कार्डावर महिन्यातून थोडंसंच घ्यायचं, मर्यादेच्या एका कोपऱ्याइतकं. साबणाचा खोका, नाहीतर बिस्किटं. जास्त घ्यायची ऐपत असली तरी नाही. आणि बिल आलं की पूर्ण भरायचं. बिलावर एक छोटा आकडा असतो, कमीत कमी एवढं भरा म्हणणारा. तो आकडा म्हणजे गोड बोलणारा पाहुणा, अल्कानं बजावलं होतं, घरात घ्याल तर जायचं नाव घेणार नाही. दरेकसाच्या डोंगरात मोबाईलची रेंज येते आणि जाते, म्हणून लीलाधर दर महिन्याला तारखेच्या चांगलं आधी सकाळच्या लोकलनं आमगावला जाऊन पैसे भरून यायचा. पाऊस असो, अंगात ताप असो. एकदा गाडीच आली नाही, तर सायकल काढून निघाला. साठीचा माणूस! शामकला दारातून ओरडत राहिली, "अजी, उद्या जाजा ना! तारीख लांब हाये अजून!" त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. संध्याकाळी आला तेव्हा पायांना गोळे आले होते. ती तेल लावत बसली आणि शिव्या घालत बसली. शिव्या घालता घालता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्याला दिसू नये म्हणून तिनं दिवा मागं सरकवला.

गावाला गंमत वाटायची. "शामकलाबाईची तारीख आली," लोक म्हणायचे, जशी काही पोळ्याची तिथीच. कुणी चिडवायचं, कुणी लीलाधरला स्टेशनापर्यंत गाडीवर सोडायचं. पण दुकानातला नेम तिनं बदलला नाही. अल्कानं एकदा सुचवून पाहिलं, की काकू, तुम्हीही गिऱ्हाइकांकडून महिन्याच्या महिन्याला घ्या. शामकला म्हणाली, "त्यायच्या हातात पैसा धानावरच येते बेटा. त्याआधी मागणं म्हणजे माणसाले नागवं करणं हाये." अल्कानं पुन्हा तो विषय काढला नाही. तिच्या वडिलांनीही सालेकशाकडच्या शेतांवर मजुरी करूनच तिला शिकवलं होतं.

हळूहळू नोंद सुधारत गेली. अल्का फोन करून सांगायची, चढलं काकू, अजून चढलं. दुसरा फागुन आला तेव्हा म्हणाली, "आता अर्ज करू. अकतीच्या आधी मंजुरी येते." घराच्या किमतीतला स्वतःचा वाटा म्हणून दोन हंगामांचे पैसे शामकलानं जोडून ठेवले होते. तेवढे नसते तर बँक बाकीचे देणार नव्हती. सगळं जुळून आलं होतं. जुळून आलं की कुठंतरी माशी शिंकते, ती शिंकलीच.

चैतात मोहाचे दिवस. पहाटे सारं गाव जंगलात मोहफूल वेचायला जातं. शेजारचा कवडू उईके आणि त्याची बायको कलाबाई झाडाखाली वाकून वेचत होते, तोच झुडपातून अस्वल आलं. कवडूच्या डोक्याची कातडी आणि एक हात, बघवत नव्हतं. सरकारी गाडीतून गोंदियाला नेलं. तिथून हाताच्या शस्त्रक्रियेसाठी एका खासगी दवाखान्यात. आधी रक्कम भरा, मग आत घेऊ, असं तिथं म्हणाले. जंगलखात्याचे पैसे मिळणार होते, पण मिळतील तेव्हा. कलाबाई रक्तानं भरलेला पदर धरून नुसती उभी होती. रडतही नव्हती.

शामकला तिच्यासोबतच गेली होती. पिशवीत कार्ड होतं. तिला सगळं कळत होतं बरं का. मर्यादेचा कोपरा, तारीख, नोंद, अर्ज टेबलावर असणं, सगळं. दोन वर्षांची शाळा डोक्यात होती. तिनं कार्ड काढून खिडकीत ठेवलं. "घ्या. जेवढं लागते तेवढं घ्या अन् त्याले आत न्या पयले."

कार्ड जवळजवळ पूर्ण रिकामं झालं. कवडू वाचला, हातही वाचला.

दुसऱ्या दिवशी अल्काला सांगितलं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही बरोबर केलंत. पण ऐका. बिल निघायच्या आत सगळे भरले तर एवढा खर्च नोंदीत दिसणारच नाही. नाही भरले तर अर्ज मागं पडेल, आणि अकती कुणासाठी थांबत नाही." बिल निघायला आठवडाही नव्हता.

लीलाधर म्हणाला, "घरासाठी ठेवले त्यातलेच भर."

"अन् घर?"

तो मुनग्याकडे बघत बसला. दुसरा रस्ता एकच होता, गावाकडं थकलेली उधारी मागणं. आणि तो रस्ता शामकलासाठी बंद होता. चैतात कुणाच्या घरात नगद असते? मागितलं असतं तर लोकांनी भांडी विकली असती, हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच तिनं मागितलं नाही. ती मूग गिळून दुकानात बसली. गिऱ्हाइकांवर ओरडायचंही विसरली. त्यामुळेच गावाला कळलं, की काहीतरी बिनसलं आहे.

कलाबाई दवाखान्यातून कपडे न्यायला एक दिवस घरी आली. लीलाधर तिला स्टेशनावर भेटला आणि त्या मुक्या माणसानं तिला सगळं सांगितलं. बायकोला न विचारता त्यानं आयुष्यात केलेलं हे पहिलंच काम असावं.

सकाळी शामकलानं दार उघडलं तर पायरीवर टोपली. टोपलीत वाळलेलं मोहफूल काठोकाठ. मागं कलाबाई, डोळे सुजलेले. "माह्या खात्यावर चढव, बाई," ती म्हणाली. "मागच्या उधारीत काप."

"वेडी झाली का तू? बुढा दवाखान्यात पडून हाये अन् तू मोह घेऊन आली? ते धानावर पाहू."

"ऐकून घे," कलाबाई म्हणाली. इतकी वर्षं ती या दुकानात आवाज खाली ठेवूनच बोलली होती. "तू आमच्यासाठी धान निंगेपर्यंत थांबते. तुह्यासाठी बँक थांबत नाई म्हणते. तं मंग आमी लवकर येऊ. त्यात काय रडायचं हाये?"

आणि पाठोपाठ लोक येऊ लागले. डोक्यावर टोपल्या, सायकलीवर पोती. दुधराम आला, ज्याची उधारी सगळ्यांत मोठी आणि तोंडही सगळ्यांत मोठं. "घे व, माहाबी लिव. अन् काटा बरोबर धरजो, नाईतं मले लुटशील," म्हणत त्यानं पोतं आदळलं. म्हाताऱ्या आल्या. ज्यांची काहीच उधारी नव्हती, तेही आले. "पुढच्या सालचं पयलेच घेऊन ठेव," म्हणाले. मोह म्हणजे त्या लोकांची उन्हाळ्याची मीठमिरची होती. शामकला तराजूपुढं बसून राहिली. तिला आकडे दिसेनात. शेवटी लीलाधरनंच तराजू हातात घेतला आणि ती पदर तोंडाला लावून, सगळ्या गावासमोर, मोकळी रडली.

मोह घेतला चुन्नीलाल सेठनंच. ट्रक पाठवला, नगद पाठवली, भावात घासाघीस केली नाही. "मेरा ही पैसा बँक में जाके मेरे पास आएगा," तो फोनवर म्हणाला आणि स्वतःच खूप हसला. बिल निघायच्या आदल्या दिवशी लीलाधर आमगावच्या खिडकीत उभा होता. पुढच्या आठवड्यात अल्काचा फोन आला. "काकू, मंजूर," ती म्हणाली.

अकतीच्या आदल्या दिवशी सालेकशाला खरेदीखत झालं. शामकलाच्या नावावर. बापाच्या घरी नाही, सासऱ्याच्या घरी नाही, जन्मात पहिल्यांदा तिच्या नावावर काही लागलं. कार्ड अजून आहे, तारीखही आहे, आता कर्जाच्या हप्त्याचीही तारीख आहे. पुढची पंधरा वर्षं लीलाधरला लोकलनं जाणं आहे. पण त्या संध्याकाळी गाडीतून उतरून ती घरी आली, दुकान उघडलं नाही, आतून कडी लावली आणि चौकटीवरच्या खुणेपाशी उभी राहिली. खुणेवर हात ठेवला. "बेटा," ती म्हणाली, "आता कोनी काढत नाई तुले इथून."

बाहेर दार वाजलं. मग पुन्हा वाजलं. अर्धं डोकं भादरलेला, हात गळ्यात बांधलेला कवडू पायरीवर उभा होता. मागं दहा-बाराजण, लीलाधर त्यांच्यातच.

"मालकीणबाई," कवडूनं हाक मारली, "मीठ भेटंन का?"

शामकलानं डोळे पुसले, कडी काढली आणि ओरडली, "कायले आला? दवाखान्यातून कालच तं सोडलं तुले! झोपून काऊन नाई राहत?" आणि उत्तराची वाट न बघता मीठ मोजायला वळली.